को-ट्रायमोक्झॅझोल

ट्रायमेथोप्रिम व सल्फामेथॉक्झॅझोल या दोन जंतुरोधक द्रव्यांचे १ : ५ प्रमाणातील संयुक्त औषध. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड व गुदद्वारानजीक असल्यामुळे आतड्यातील एशेरिकिया कोलाय हे जंतू मूत्राशयात सहज शिरतात. असा संसर्ग ६ महिन्यांत २ किंवा वर्षात ३ वेळा झाल्यास तो पुनरावर्ती मानण्याचा शिरस्ता असून, त्याच्या उपचारात हे औषध १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आल्यापासून दीर्घकाळ अग्रस्थानी राहिले.

जंतूंना फॉलिक अम्ल स्वतःच निर्माण करावे लागते. त्या क्रियेतील आधीचा टप्पा सल्फामेथॉक्झॅझोल आणि नंतरचा ट्रायमेथोप्रिम रोखून धरीत असल्याने, एकेकट्याने ज्यांची केवळ वाढ खुंटते ते जंतू संयुक्त अंमलाखाली बहुधा नष्ट होतात. ट्रायमेथोप्रिमच्या शोधाशी संबंधित जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मूत्राशयाच्या साध्या संसर्गात १६० व ८०० मिग्रॅ. ची मात्रा दिवसातून दोनदा ३ दिवस देतात. पुनरावृत्ती टाळण्यासाठी ४० व २०० मिग्रॅ. ची अल्प मात्रा रोज किंवा आठवड्यातून तीनदा, साधारणतः ६ ते १२ महिने, देण्याची तजवीज करतात. तथापि प्रतिरोधी जंतूंचे प्रमाण २० टक्क्यांवर गेलेल्या प्रदेशात, भारतातही हा प्रतिरोध व्यापक असल्याने, मूत्रातील जंतूंचे संवर्धन करून त्यांची संवेदनशीलता पाहिल्यावाचून ते देणे इष्ट नसते. सल्फा औषधांची अधिहृषता, गर्भावस्थेचा आरंभ व अंत आणि मूत्रपिंडाचा तीव्र विकार यांत ते सामान्यतः वर्ज्य मानतात.