सिलिंडर किलोत, डिझेल लिटरमध्ये, पाइपचा गॅस एससीएममध्ये : इंधनाचं माप असं वाचा

बोईसर : गेल्या पावसाळ्यात घरी आलेला गॅस सिलिंडर सहज भाताची पोती मोजायच्या काट्यावर ठेवला. वजन भरलं २८.१ किलो. सिलिंडरच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकामं वजन १५.३ किलो लिहिलेलं. म्हणजे आत गॅस १२.८ किलो, हवा होता १४.२. एजन्सीने बदलून दिला, पण त्या पट्टीवरचा आकडा कशाचा हे इतकी वर्षं मला ठाऊक नव्हतं.

हिशेब सोपा आहे. रिकामं वजन अधिक १४.२ किलो, एवढं भरायला पाहिजे. रिकामं वजन प्रत्येक सिलिंडरचं वेगळं, म्हणून शेजाऱ्याच्या सिलिंडरशी तुलना करू नका. हॉटेलचा मोठा सिलिंडर १९ किलोचा, छोटा ५ किलोचा. सिलिंडर घेतानाच दारात वजन करून मागता येतं. पट्टीवर 'बी-२७' असंही काही असतं. ती पुढच्या तपासणीची मुदत : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये.

पेट्रोल-डिझेल लिटरवर. शंका आली तर पंपावर ५ लिटरचं माप मागा, त्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का असतो. ५ लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो, त्याहून कमी आलं तर तक्रार करा. ट्रॅक्टरसाठी कॅन भरणाऱ्यांनी आधी मीटर शून्यावर आहे का तेवढं पाहावं.

रिक्षाचा सीएनजी मात्र किलोवर, कारण गॅस दाबला की जागा कमी घेतो, वजन तेच राहतं. पाइपने घरी येणारा गॅस एससीएमवर, म्हणजे १५ अंश तापमान आणि हवेचा साधारण दाब धरून काढलेला घनमीटर. पाइपगॅस परवडतो का हे पाहायचं तर एका घरगुती सिलिंडरची उष्णता साधारण १७ ते १८ एससीएमएवढी धरा. नुसते दर शेजारी ठेवून काही कळत नाही.

बातम्यांतल्या आकड्यांचंही तसंच. डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या वीज केंद्रात कोळसा जळतो, पण सगळा कोळसा सारखा नसतो. आधी ए ते जी अशा प्रती होत्या, २०१२ पासून उष्णतेवर जी-१ ते जी-१७ अशा आहेत. जी-११ म्हणजे किलोला ४००१ ते ४३०० किलोकॅलरी. जी-१ मध्ये ७००० च्या वर. म्हणून किती टन जळला एवढ्यावरून वीज किती झाली ते सांगता येत नाही.

कच्चं तेल जगात बॅरलवर विकतात, एक बॅरल सुमारे १५९ लिटर. आपल्या समोरच्या समुद्रातल्या मुंबई हायचं उत्पादन मात्र सरकारी आकडेवारीत टनांत येतं. एका टनात साधारण ७.३ बॅरल. टन आपल्याकडे १००० किलोचा, अमेरिकेतला छोटा टन सुमारे ९०७ किलोचा.