सुखाचं छिद्र

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश घडतो आहे. शब्दाचा अर्थ काळानुसार कसा सरकला, हे त्यात नोंदवलं जातं. ‘सुख’ असाच सरकलेला शब्द. ऋग्वेदात तो रथाचं विशेषण म्हणून येतो. ‘ख’ म्हणजे चाकाच्या तुंब्यातलं, आस बसण्याचं छिद्र. ते नीट कोरलेलं असलं की रथ ‘सु-ख’, बिनधक्क्याचा. काही अभ्यासक ‘सुख’चं मूळ म्हणून ‘सुस्थ’कडे बोट दाखवतात, पण मला पहिली व्युत्पत्ती पटते, कारण तीत जबाबदारीची वाटणी दिसते. वंगण घालणं सारथ्याचं काम, पण छिद्र कोरतो सुतार. ‘सुखी राहणं तुझ्याच हाती’ असं पिचलेल्या माणसाला बजावणारे त्या सुताराला साफ विसरतात, आणि ते क्रूर आहे.