स्ट्रेटनरने बिघडलेले कुरळे केस: आता काय करावे?

स्ट्रेटनर बंद केला, तरी कुरळेपणा परत येत नाही, अशी तक्रार घेऊन अनेक जण येतात. त्वचेबाहेर आलेला केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा असतो. अति उष्णतेने बिघडलेली त्याची रचना कोणतेही तेल किंवा सीरम पूर्ववत करू शकत नाही. पण मूळ बहुधा शाबूत असते. तेथून महिन्याला सुमारे १ सेंमी नवा केस वाढतो, तुमच्या मूळ वळणाचा. त्यामुळे काही महिने मुळाशी कुरळे व टोकाला सरळ केस दिसतील. ते लपवण्यासाठी पुन्हा स्ट्रेटनर वापरू नका.

काय करावे?

• कुरळ्या केसांत टाळूचे तेल टोकापर्यंत सहज पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक धुण्यानंतर कंडिशनर लावा.
• कंडिशनर असतानाच रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून सुरुवात करून गुंता सोडवा.
• धुण्यापूर्वी खोबरेल तेल लावा. प्रथिनांची झीज कमी होते.
• बिघडलेली टोके थोडी थोडी कापत राहा.

केस मुळासकट गळत असतील, चाई पडली असेल किंवा टाळूची आग होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकारही कारण असू शकतो.