युद्धदृश्ये, मराठी ऐतिहासिक चित्रपटांतील

मराठ्यांच्या इतिहासातील लढाया, वेढे, छापे व द्वंद्वे यांचे मराठी चित्रपटांतून झालेले चित्रण. मूकपटांच्या काळापासून हा मराठी चित्रपटाचा आवडता विषय राहिला आहे. हिंदी वा पाश्चात्त्य युद्धपटांच्या तुलनेने त्याची साधनसामग्री मात्र नेहमीच तुटपुंजी होती. हजारोंचे सैन्य, शेकडो घोडे, हत्ती आणि तोफखाना उभा करणे मराठी निर्मात्यास क्वचितच परवडले. तरीही यांतील काही दृश्ये प्रेक्षकांना खरी वाटली आणि काही वाटली नाहीत. या फरकाचे कारण केवळ पैशात सापडत नाही. निवडलेल्या प्रसंगाचे मूळ आकारमान व निर्मात्याजवळची साधने यांचा मेळ बसला, की थोडक्या माणसांतही लढाई विश्वसनीय ठरते; तो बसला नाही, की गर्दी वाढवूनही ठरत नाही. मात्र विश्वसनीयता आणि ऐतिहासिक सत्य या दोन भिन्न गोष्टी असून, मराठी युद्धदृश्यांच्या बाबतीत त्यांची वारंवार गल्लत झालेली दिसते.

मूकपटांचा काळ : या परंपरेचा पाया कोल्हापूर येथे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी घातला. त्यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’चा पहिला महत्त्वाचा चित्रपट ‘सैरंध्री’ (१९२०) होय. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके भीषण व हुबेहूब वठले, की त्यास सेन्सॉरची कात्री लागली. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला ‘सिंहगड’ (१९२३) हा त्यांचा चित्रपट युद्धदृश्यांच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय ठरतो. बाबूराव मुळात चित्रकार व शिल्पकार होते. रंगविलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी लांबी, रुंदी व खोली असलेले भरीव नेपथ्य वापरले, पात्रांच्या वेशभूषेची रेखाटने स्वतः केली आणि ‘सिंहगड’मधील चांदण्या रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाची योजना केली. या चित्रपटासाठी लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे म्हटले जाते. कोल्हापूर ही संस्थानची राजधानी असल्यामुळे घोडे, स्वार व जुनी हत्यारे यांची तेथे वाण नव्हती. शिवाय तालमी व मर्दानी खेळ यांची परंपरा जिवंत असल्याने पट्टा, लाठी व तलवार चालविणारी माणसेही त्या परिसरात सहज मिळत. ही अनुकूलता पैशाने विकत घेता येण्याजोगी नव्हती.

व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाचा प्रारंभही ‘नेताजी पालकर’ (१९२७) या ऐतिहासिक मूकपटानेच झाला. पुढे प्रभात फिल्म कंपनीने काढलेल्या शिवकालीन मूकपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. ब्रिटिश सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलून ‘उदयकाल’ (१९३०) असे करावे लागले. पडद्यावरील लढाई तत्कालीन राजकारणाशी जोडून पाहिली जात होती, याचा हा स्पष्ट पुरावा आहे. स्वराज्यासाठी लढणारा मावळा त्या काळातील प्रेक्षकास केवळ गतकाळातला वाटत नसे. दृश्यातील उणिवा प्रेक्षक स्वतःच्या भावनेने भरून काढी.

बोलपटांचा काळ : ‘प्रभात’ने ‘सिंहगड’ (१९३३) बोलपटाच्या रूपाने पुन्हा काढला. त्यानंतर ही परंपरा प्रामुख्याने भालजी पेंढारकरांनी (मृत्यू १९९४) चालविली. ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘पावनखिंड’ (१९५६), ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) व ‘गनिमी कावा’ (१९८१) हे त्यांचे चित्रपट प्रसिद्ध आहेत. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत त्यांचा कोल्हापूर येथील जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. त्यानंतर चारच वर्षांनी ‘छत्रपती शिवाजी’ पडद्यावर आला, हे ध्यानी घेतल्यास या निर्मितीमागील ओढाताणीची कल्पना येते. भालजींच्या युद्धदृश्यांत सैन्याच्या संख्येपेक्षा संवादांची धार, चेहऱ्यांवरील निर्धार आणि सह्याद्रीचा परिसर यांवर भर असे. लढाई प्रत्यक्ष दिसण्याआधीच ती प्रेक्षकाच्या मनात सुरू झालेली असे.

साधने व युक्त्या : अल्प खर्चात सैन्य मोठे भासविण्याच्या युक्त्या जगभर साधारणपणे सारख्याच आहेत. तीच माणसे पागोटी बदलून चौकटीतून पुन्हा नेणे, घोडदळाची एकच दौड निरनिराळ्या कोनांतून दाखविणे, धूळ व धूर यांच्या आड संख्या लपविणे, दूरदृश्य क्षणभर दाखवून लगेच समीपदृश्यांकडे वळणे आणि दिवसा घेतलेले चित्रण रात्रीचे म्हणून वापरणे, या त्यांतील प्रमुख होत. हाताने फिरविण्याच्या कॅमेऱ्यात फिरविण्याची गती कमी ठेवली, की पडद्यावर हालचाल जलद दिसते. मूकपटांतील तलवारबाजीस त्यामुळे वेग आणता येई. बोलपटात टापांचा आवाज, नगारा व हाकारे यांनी न दिसणारे सैन्य उभे करता येऊ लागले. या युक्त्यांचे यश मात्र संकलनाच्या शिस्तीवर अवलंबून असते. शत्रू कोणत्या बाजूने येत आहे व वाट कोणी अडविली आहे, हे प्रेक्षकास कळले नाही, तर उत्तम तलवारबाजीही निव्वळ गोंधळ ठरते.

प्रसंगांची निवड : मराठी चित्रपटांनी कोणत्या लढाया निवडल्या, हे या संदर्भात उद्‌बोधक आहे. पावनखिंडीत (जुलै १६६०) बाजीप्रभू देशपांडे यांनी अरुंद वाट थोड्या मावळ्यांनिशी रोखून धरली. लाल महालावरील छापा (एप्रिल १६६३) रात्री व बंदिस्त वास्तूत घडला. तानाजी मालुसरे यांनी काही शे मावळ्यांसह सिंहगड घेतला (फेब्रुवारी १६७०), तर कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला (मार्च १६७३). संख्या कमी व जागा अडचणीची, हे या सर्व प्रसंगांचे समान लक्षण आहे, आणि बहुतेकांत वेळही अंधाराची आहे. गनिमी कावा हे मुळात अल्प साधनांचे युद्धतंत्र होते, म्हणूनच ते अल्प साधनांच्या चित्रपटास मानवले. याउलट पानिपतची तिसरी लढाई (१४ जानेवारी १७६१) उघड्या मैदानावर, प्रचंड सैन्य व तोफखाना यांच्यासह झाली. तिचे चित्रण पन्नास घोड्यांवर भागविता येत नाही.

वेढ्याच्या चित्रणाची अडचण वेगळी आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जवळील दौलताबादचा किल्ला हे तिचे उत्तम उदाहरण होय. उभ्या तासलेल्या कड्यांची टेकडी, भोवतीचा खोल खंदक, एकामागून एक कोट, वळणे घेत जाणारी प्रवेशवाट आणि ‘अंधारी’ हा काळोखा भुयारी मार्ग अशी त्याची रचना आहे. ती पाहिल्यावर हल्लेखोरांची खरी लढाई तलवारीपेक्षा दगड, अंधार, भूक व वेळ यांच्याशी होती, हे ध्यानात येते. १६३३ मध्ये महाबतखानाने या किल्ल्यास घातलेला वेढा काही महिने चालला. सुरुंगांनी तट उडविण्यात आला आणि अन्नाच्या टंचाईने आतील शिबंदी खचली. असे संथ युद्ध पडद्यावर आणणे अवघड असते, कारण त्यात नाट्य साचत जाते, उसळत नाही. शिवाय संरक्षित स्मारकांत चित्रण करण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते व वास्तूस धोका पोहोचेल असे काही करता येत नाही. त्यामुळे किल्ला पार्श्वभूमीस आणि प्रत्यक्ष झुंज मात्र नेपथ्यावर, अशी विभागणी करावी लागते. याच परिसरातील खडकी (नंतरचे औरंगाबाद) १६१० मध्ये वसविणारा मलिक अंबर याने भातवडीच्या लढाईत (१६२४) तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि रात्रीचे छापे घातले. गनिमी काव्याच्या दख्खनी परंपरेचा हा पूर्वीचा दाखला असून, चिखल व काळोख यांचे युद्धातील मोल त्यातून दिसते.

विश्वसनीयता व सत्य : प्रेक्षकास जे खरे वाटते, ते घडलेच असेल असे नाही. तानाजींच्या मृत्यूनंतर कोंढाण्यास सिंहगड हे नाव मिळाले, ही समजूत कादंबरी व चित्रपट यांनी दृढ केली. परंतु शिवाजी महाराजांच्या एप्रिल १६६३ मधील पत्रात, म्हणजे त्या लढाईच्या सुमारे सात वर्षे आधी, सिंहगड हे नाव आढळते. घोरपडीच्या साहाय्याने कडा चढल्याची कथाही पोवाडे व लोककथा यांतून आलेली आहे. याउलट, गड सर झाला ती माघ वद्य नवमीची रात्र होती. त्या तिथीस चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. म्हणजे चढाई पूर्ण काळोखात किंवा उशिराच्या चांदण्यात दाखविणे, दोन्ही शक्य ठरते. संध्याकाळपासून पसरलेले चांदणे मात्र चुकीचे ठरेल. शस्त्रांबाबतही असेच घडते. त्या काळातील तोफांचे गोळे बहुधा भरीव असत. ते तट फोडीत व माणसे चिरडीत, पण जमिनीवर आपटताच त्यांचा स्फोट होत नसे. तोडेदार बंदूक पुन्हा भरण्यास वेळ लागे आणि तिची पेटती बत्ती अंधारात जागा उघड करी. पडद्यावरील मावळ्याचे कपडे लांबच्या दौडीनंतरही स्वच्छ असतात. या उणिवांचे खापर खर्चावर फोडता येत नाही. धूळ, चिखल व थकवा यांना पैसे पडत नाहीत.

अन्य देशांतील काही उदाहरणे येथे उपयुक्त ठरतात. पीटर वॉटकिन्स यांनी बीबीसीसाठी काढलेल्या ‘कलोडन’ (१९६४) या चित्रपटात १७४६ च्या स्कॉटलंडमधील लढाईचे चित्रण हौशी स्थानिक लोकांकडून करवून घेतले आणि जणू दूरचित्रवाणीचा वार्ताहर रणांगणावर हजर आहे, अशी मांडणी केली. जील्लो पाँतेकोर्व्हो यांच्या ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ (१९६६) मध्ये बहुतेक पात्रे व्यावसायिक नट नव्हती. त्यात वृत्तपटाचा एकही तुकडा वापरलेला नाही, असे निवेदन करावे लागावे, इतका तो खरा भासला. दोन्हींत भर पराक्रमापेक्षा भय, गोंधळ व जखम यांवर आहे. मराठी ऐतिहासिक चित्रपटाचा हेतू प्रायः वीरपूजेचा असल्याने जखमी सामान्य शिपाई त्यात क्वचितच दिसतो.

नंतरचा काळ : बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ (१९८५) या महानाट्याने हत्ती-घोड्यांसह शिवकाल रंगमंचावर आणला व भव्यतेविषयीच्या अपेक्षा वाढविल्या. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) व ‘पावनखिंड’ (२०२२) या चित्रपटांनी शिवकालीन युद्धपटास पुन्हा मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. त्यांचे विषयही पन्हाळा, लाल महाल व घोडखिंड हेच, म्हणजे थोडक्या माणसांच्या पराक्रमाचे आहेत. संगणकीय दृश्यपरिणामांमुळे आता सैन्याची संख्या हवी तितकी वाढविता येते; त्या सैन्याचे वजन, श्रम व भीती मात्र नटांनाच दाखवावी लागते.

मराठवाड्यात १९४७–४८ मध्ये रझाकारांविरुद्ध झालेला संघर्ष हाही लहान तुकड्यांचा, सरहद्दीवरील तळांचा व गावोगावच्या प्रतिकाराचा होता. ‘रझाकार’ (२०१५) हा मराठी चित्रपट त्या काळावर आधारलेला आहे. हा इतिहास जवळचा असल्याने त्याच्या चित्रणाची पारख कुटुंबांतून सांगितल्या गेलेल्या आठवणींशी होते. शिवकालास असा साक्षीदार नाही. तेथे पडद्यावर दिसलेली लढाईच अनेकांच्या मनात इतिहास म्हणून राहते, आणि चित्रण जितके विश्वसनीय, तितकी त्यातील चूकही टिकाऊ होते. म्हणूनच कागदपत्रांशी, भूगोलाशी व शस्त्रांशी प्रामाणिक राहण्याची जबाबदारी अल्प साधनांच्या चित्रपटावरही तितकीच येते.