औषध बायकांचे, दंड गड्यांचे

गेल्या वर्षी आमच्या संघटनेच्या कचेरीत एक तरुण हमाल आला. गुडघे आणि मनगटे धरतात, पोते उचलवत नाही, तेव्हा नुकसानभरपाईचा अर्ज लिहून द्या, असे त्याचे म्हणणे होते. दंड पाहावे तर चांगले पिळदार. बोलता बोलता त्याने खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढली. नाव ॲनास्ट्रोझोल. ही गोळी स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या बायांस देतात. ती या गड्याच्या खिशात कशी आली, हे शोधताना जो इतिहास आमच्या हाती लागला, तो आज आपणांपुढे ठेवीत आहो. आम्ही वैद्य नव्हे. आमची शाळा सातवीतच सुटली. तेव्हा साध्या भाषेत सांगणेच आम्हांस जमेल.

अमेरिकेत १९५८ साली सिबा कंपनीने डायनाबॉल नावाची गोळी बाजारात आणली. जॉन झिग्लर या डॉक्टरांनी ती यॉर्क गावच्या वजन उचलणाऱ्यांस दिली, आणि तेथून ती तालमी-तालमींतून पसरली. ही पुरुषी रसाची नक्कल होय. परंतु शरीर मोठे हिशेबी असते. अरोमाटेज नावाचे एक पाचकद्रव्य अंगातील पुरुषी रसाचा काही भाग इस्ट्रोजेन या स्त्रीरसात बदलून टाकते. बाहेरून भर घातली की हा भागही वाढतो, आणि छाती रुंदावण्याच्या आशेने गोळी घेणाऱ्याचे स्तन सुजू लागतात. लाजेने गडी सदरा काढीत नाही. मग उतारा शोधणे आले.

तो उतारा दुसरीकडेच तयार होत होता. इंग्लंडात चेशायर परगण्यातील ऑल्डर्ली पार्क येथे आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनज्ञ बाईंनी १९६२ साली टॅमॉक्सिफेन तयार केले. हेतू संततिनियमनाचा होता. उंदरांत तो साधला. बायांत मात्र उलटेच होऊन बीज सुटण्यास मदत होऊ लागली! पुढे मँचेस्टरच्या ख्रिस्ती इस्पितळात ते स्तनाच्या कर्करोगावर वापरून पाहिले, आणि त्याचा अहवाल १९७१ साली निघाला. तरीही नफा दिसेना म्हणून १९७२ साली वरिष्ठ ते काम गुंडाळावयास निघाले. तेव्हा आर्थर वॉलपोल या शास्त्रज्ञांनी राजीनाम्याची भाषा केली. (ही भाषा आम्हांस चांगली समजते.) १९७३ साली औषध विक्रीस आले. त्याने असंख्य बायांचे प्राण वाचविले आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे.

तालमीतला हिशेब सरळ होता : स्त्रीरस नको, तर त्याची वाट अडवा. टॅमॉक्सिफेन आले, त्याच्या नात्यातले क्लोमिफेन आले, १९९५ नंतर अरोमाटेजच बंद पाडणारे ॲनास्ट्रोझोल आले. टॅमॉक्सिफेनने शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. क्लोमिफेनने कित्येकांस अंधूक दिसते, डोळ्यांपुढे ठिपके आणि चमका येतात. हे त्रास डॉक्टरांच्या कागदांत लिहिलेले होते. पण मूळ गृहीतच चुकले होते, ते कसे?

१९९४ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकीकत छापली. त्याच्या शरीरास इस्ट्रोजेनची हाकच ऐकू येत नव्हती. पुरुषी रस भरपूर होता. उंची २०४ सेंटीमीटर, आणि हाडांची टोके अजून जुळलेली नसल्याने तो वाढतच होता. हाडे मात्र म्हाताऱ्यासारखी विरळ. म्हणजे ज्याला बाईचे म्हणून हिणवले, तेच पुरुषाच्या हाडांचा आधार निघाले. पुढे बोस्टनच्या डॉक्टरांनी सुमारे चारशे पुरुषांवर प्रयोग केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्नायूंचा आकार व बळ पुरुषी रसावर अवलंबून होते खरे, पण इस्ट्रोजेन घटविल्यावर अंगावर चरबी चढली आणि कामवासनाही मंदावली. चरबी झडावी म्हणून उपाशी राहणाऱ्या गड्याने गोळी खाऊन चरबीसच आवतण द्यावे, असा हा प्रकार!

राहिली सांधेदुखी. ॲनास्ट्रोझोल घेणाऱ्या बायांत ही तक्रार नेहमीची. आमच्या हमालाच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद करविल्या, हाडांची तपासणी करावयास लावली. अर्ज आम्ही लिहिला नाही. दोन महिन्यांनी तो पुन्हा पोती उचलू लागला. मात्र ती पट्टी त्याला विकणारा कोण, हे त्याने अजून सांगितलेले नाही.