नागरी हक्क संघटनांची कायदेशीर मदत

नागरी हक्क संघटनांची कायदेशीर मदत : शासनाकडून किंवा शासनाच्या दुर्लक्षामुळे मूलभूत हक्क डावलले गेलेल्यांना स्वयंसेवी संघटनांकडून मिळणारे साहाय्य. सल्ला, वकील, सत्यशोधन व जनहित याचिका ही त्याची मुख्य अंगे. यांपैकी सत्यशोधनाचे मोल सर्वांत मोठे आहे. कारण विखुरलेल्या तक्रारींना न्यायालयापुढे टिकणाऱ्या पुराव्याचे रूप तेथेच मिळते. उदाहरणार्थ, दिल्लीत एशियाडच्या (आशियाई क्रीडास्पर्धांच्या) बांधकामांवर किमान मजुरी रोज ९ रुपये २५ पैसे होती. त्यातला एक रुपया मजूर पुरवणारे जमादार कापून घेत. एकेकट्या मजुराला त्या रुपयासाठी सर्वोच्च न्यायालय गाठणे अशक्यच होते. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ने समाजशास्त्रज्ञांकडून पाहणी करवून सर्वोच्च न्यायालयाचे न्या. भगवती यांना पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबवून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेली वेठबिगारी होय, असा निकाल १९८२ मध्ये लागला.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतील व्यक्ती व अल्प उत्पन्न गटातील लोकांना मोफत वकील मिळतो. मग संघटना कशाला, असा आक्षेप घेतला जातो. मात्र प्राधिकरणाचा वकील प्रामुख्याने अर्जदाराचा खटला चालवतो, तर संघटना अर्जही करू न शकणाऱ्यांची बाजू मांडते. दोन्ही मदती परस्परपूरक आहेत. संघटना अतिक्रमणांना पाठीशी घालतात, हा दुसरा आक्षेप. मुंबईतील पदपथवासी व झोपडीवासीयांच्या ‘ओल्गा टेलिस’ प्रकरणात ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ (पीयूसीएल) ही एक याचिकाकर्ती होती.  सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८५ मध्ये पदपथ अडवण्याचा हक्क नाकारला. पण उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. संघटनेच्या मदतीने बेकायदा गोष्ट कायदेशीर ठरत नाही. कारवाई कायद्याच्या चौकटीत राहते, एवढेच. ज्याच्यावर कारवाई होते तो दोषी असला, तरी ही चौकट सर्वांच्याच संरक्षणासाठी असते.

मदत मागणाऱ्याने घटनाक्रम तारीखवार लिहून नोटीस, प्रथम खबर अहवाल, वेतनपावत्या यांच्या प्रती सोबत द्याव्यात. अटक किंवा पाडकाम तोंडावर असेल, तर संघटनेच्या उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही अर्ज करावा.