विभेदी ग्राहक आणि नवी मुंबई : संदेशवहनाच्या इतिहासातील एक प्रकरण

विद्युत्-संदेशवहनाचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वस्तुतः तो गोंगाटाशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ साली. त्या काळी दूरध्वनीच्या वाहिनीस जगभर बहुधा एकच तार असे व प्रवाहाचा परतीचा मार्ग जमिनीतून जाई. शेजारच्या तारांतील संदेश आणि पुढे विजेच्या ट्रामगाड्यांचा प्रवाह यांमुळे संभाषणात खरखर माजे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८८१ मध्ये पीळ दिलेल्या दोन तारांच्या योजनेचे पेटंट घेतले होते. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच पोहोचतो. यास्तव ग्राहकाने दोहोंतील फरक तेवढा टिपला, की उपद्रवाची आपोआप वजाबाकी होते.

संगणकयुगात हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. १९६० च्या आरएस-२३२ या मानकात सर्व संदेशांस एकच सामाईक भूमी होती व वेगाची मर्यादा सेकंदास सुमारे २०,००० बिट. १९७५ च्या आरएस-४२२ ने विभेदी जोडी स्वीकारली आणि ही मर्यादा १ कोटी बिटांवर गेली. १९९४ मध्ये पुढे आलेल्या एलव्हीडीएस पद्धतीत ३.५ मिलिअँपिअर प्रवाह १०० ओहमच्या रोधातून जातो. म्हणजे दाब केवळ ०.३५ व्होल्ट. आरएस-२३२ मध्ये तो किमान ५ व्होल्ट असे. दाब घटला, आणि वेग मात्र कोट्यवधी बिटांनी वाढला! यात विसंगती नाही. अल्प दाब त्वरेने पालटता येतो, आणि इतका क्षीण संदेश गोंगाटातून निवडून घेण्याचे सामर्थ्य ग्राहक-चकतीत आले होते.

या प्रकरणाचा नवी मुंबईशी संबंध निकटचा आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली ती मुंबईवरील भार हलका करण्यासाठी. आज ऐरोली, महापे, रबाळे व पनवेल येथील विदाकेंद्रे निराळ्याच प्रकारचा भार वाहतात. तेथे काचतंतूंतून आलेला प्रकाश विद्युत्-संदेशात पालटतो आणि यंत्रातील अखेरचे काही अंगुळांचे अंतर तो तांब्याच्या जोडीवरून विभेदी ग्राहकापर्यंत काटतो.

तथापि अशा चकत्या मुख्यत्वे परदेशांतच घडतात. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने तळोजा येथील अदानी व टॉवर सेमीकंडक्टर यांच्या अर्धसंवाहक प्रकल्पास मंजुरी दिली. २०२५ मध्ये ही बोलणी स्थगित झाल्याचे वृत्त आले. संदेश आपल्या दारी येतो, पण तो ओळखणारे कान परक्याने घडविलेले असतात. ठाणे-बेलापूर पट्ट्याचा औद्योगिक इतिहास लिहिणाऱ्याने इमारतींची व जोडण्यांची गणना करून थांबू नये. त्या जोडण्यांच्या टोकाशी बसलेली चकती कोठे घडली, हा प्रश्नही त्याने विचारला पाहिजे.